बोटाला कळलं पाहिजे

"हा इंग्रज का नवसानं मेकॅनिक झाला होता? तेलाचं निप्पल देते तं अशा जागी का मानसाचा हातच नाई पोचला पाह्यजे. अन् वरतून मनते, दर सा महिन्यानं तेल द्या. तुह्या बापानं देल्लं होतं का इथी झोपून?"

माझ्या पायाखालून, गाडीच्या पत्र्याआडून ही कुरकुर येत होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर. आणि आमचे हे खाली गोणपाटावर उताणे. तीस वर्षं आमच्या संसाराची मांडणी हीच आहे. बोलणं माझ्याशी नव्हतं म्हणून मी उत्तर दिलं नाही. इंग्रजानेही दिलं नाही.

"हलव," खालून हुकूम आला.

मी हलवलं. स्टेअरिंग वळवायचं नसतं, नुसतं डोलवायचं असतं. झोळीतलं लेकरू जागं होऊ नये पण झोका थांबूही नये, इतकंच.

"थांब."

मी थांबले.

स्टेअरिंगची ढिलाई तपासायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून डोलवायचं, दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची आणि डोळे मिटायचे. सांधा झिजला असेल तर बोटाखाली टिक होतं. ते दिसत नाही, इंजिन बंद असलं तरी बहुतेकदा ऐकू येत नाही. बोटाला कळलं पाहिजे, असं यांचे बल्लारपूरचे उस्ताद सांगत. यांच्या बोटांना कळायचं. आमच्या गडचांदूरच्या सिमेंटच्या गाड्या ओढणारे ड्रायव्हर यांना लटारू पिंपळशेंडे म्हणून कोणी ओळखत नाही, लटारू स्टेअरिंगवाला म्हणतात. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. पण ट्रक, टिप्पर, जीप, एकदा तर पोलिसांची व्हॅन, इतकी स्टेअरिंगं मी जागच्या जागी हलवली आहेत की रस्त्यावर हलवली असती तर काशीला जाऊन आले असते.

आणि इतकी वर्षं वर बसल्यावर एक गोष्ट आपोआप होते. खालचं टिक दांड्यावरून चढत वर येतं आणि तळहातात उतरतं. मला कोणी शिकवलं नाही. पोळी तव्यावर फुगायच्या आधी हाताला समजतं, ते तरी कोण शिकवतं?

आत्ता माझ्या तळहाताला टिक लागलं होतं. दात हलायला लागला की जिभेला लागतो तसं, अगदी स्पष्ट. उजव्या चाकाकडचं.

"काई नाई," हे खालून म्हणाले. "उजवी बाजू एकदम टाइट आहे."

मी पदराने मान पुसली. फेब्रुवारीचा महिना, पण आमच्याकडे ऊन पंचांग बघून येत नाही.

"तिकून आवाज आल्यासारखा वाटला जी," मी म्हणाले. "मले भास झाला असन. अजून एकदा पाह्यता का?"

मग पाना सरकल्याचा आवाज झाला.

"हो," हे म्हणाले. "मलेई वाटलंच होतं."

दोन वर्षं आमचं हे असंच चाललं होतं.

गाडी चंद्रपूरच्या आक्केवार शेठची. दोन सीटची, विलायती, लाल, अडुसष्ट सालची, वर कापडी टप. तोही शेठ कधी लावत नाहीत. म्हणून आमच्या गल्लीत तिचं नाव बिनटपाची. नागपुरातून मायदेशी परत चाललेल्या कुण्या साहेबाकडून शेठनी ती तरुणपणी घेतली, तेव्हा त्यांची पोंभुर्ण्याला लाकूड कापायची आरामशीन होती. आता आरामशीन नाही, सागाचे ट्रक नाहीत, शेठ एकोणऐंशीचे झाले. गाडी तेवढी आहे. बाकीचं काम त्यांचा चंद्रपूरचा माणूस करतो, पण स्टेअरिंगला गेली पंचवीस वर्षं यांच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. दर शिवरात्रीला शेठ ती घेऊन सिरोंच्याला जातात. त्यांची मोठी बहीण, अक्का, तिथे राहते. गोदावरीच्या पल्याड कालेश्वरला जत्रा असते, अल्याड अक्का दारात खुर्ची टाकून बसलेली असते, आणि गाडी दिसली की तेलुगूत भावाला शिव्या घालते. त्या शिव्या ऐकायला शेठ सव्वादोनशे किलोमीटर जातात.

रस्ता आष्टी-आलापल्लीवरून. आलापल्लीच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि खनिजाच्या ट्रकांनी डांबर असं उखडलंय की चाक खड्ड्यातून निघालं की पुढच्यातच पडतं. यंदा शेठच्या मुलाने एकटं जाऊ द्यायला नकार दिला, म्हणून नात चंचल सोबत जाणार होती. एकवीस वर्षांची पोर. गाडीचे नवे सांधे, म्हणजे चाक वळवणाऱ्या टायरॉडच्या दांड्याचे एंड, तिनेच फोनवरून शोधून विलायतेहून मागवले होते.

म्हणजे शिवरात्रीच्या दिवशी, रविवारी सकाळी त्या गाडीत दोन माणसं बसणार होती, आणि त्या दोघांचा जीव यांच्या दहा बोटांवर होता.

त्या बोटांचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. साखरेचा आजार नऊ वर्षांचा. आधी पाय गेले. गेले म्हणजे चालत होते, पण त्यांना कळत नव्हतं. एकदा पानठेल्यावरून हे एकच चप्पल घालून घरी आले. मी हसले. हे खाली पायाकडे बघत उभे राहिले आणि माझं हसू तोंडातच राहिलं. मग हात. तापलेल्या सायलेन्सरवर मनगट टेकलं आणि वास आल्यावर यांनी विचारलं, काय जळतंय. शर्टाची बटणं लागेनाशी झाली तेव्हा टेलर काजं बारीक करतो असं ठरलं, आणि मी गुपचूप सगळ्या शर्टांना टिचबटणं लावली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून, बोटाला कापूस लावतो, कळलं की सांगा, असं म्हटलं. हे लगेच म्हणाले, कळलं. डॉक्टरांनी कापूस अजून डबीतून काढलाही नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

यांनी डॉक्टर बदलला.

लोकही फार प्रेमळ असतात. टिप्परवाले यायचे, चहा प्यायचे, लटारूभाऊची तब्येत विचारायचे आणि गाडी पुढे चौकात अंकुशच्या अलाइनमेंटच्या कॉम्प्युटर मशीनवर न्यायचे. म्हणायचे, कंपनी छापील कागद मागते, नाही तर आम्ही काय गेलो असतो का. शेजारची शकुबाई म्हणायची, भाऊंनी आता आराम केला पाह्यजे, आणि असं म्हणताना आमच्या शेवग्याच्या झाडाकडे बघायची, जणू आराम त्यानेच करायचा आहे. आमचा प्रणित पुण्याहून फोनवर सांगायचा, बाबा, स्पेअरचं दुकान टाका. का टाका, हे सांगायचा नाही. आणि मी. मी सगळ्यात वरची. मला भास होत होते.

तर गुरुवारी गाडी आली. गुरुवारीच, ते हलव-थांब झाल्यावर, आम्ही दोन्ही जुने एंड काढले. काढताना किती फेऱ्यांत निघतो ते मोजावं लागतं, म्हणजे नवा तितक्याच फेऱ्या आत जातो आणि चाकं सरळ राहतात. हे मोठ्याने मोजत होते आणि मी खडूने फरशीवर लिहीत होते. शुक्रवारी स्टेअरिंगच्या रॅकला तेल. ट्रकवाल्यांना वाटतं, जितकं ग्रीस तितकं पुण्य. बाहेर ओघळेपर्यंत दाबतात. बिनटपाचीला तसं केलं तर रॅकवरचे रबराचे बूट फाटतात. तिला ग्रीस नाही, नव्वद नंबरचं तेल, आणि तेही दहा दाब. हे दहा मोजून थांबले. मग चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनांना ग्रीस दिलं, जुनं काळं ग्रीस फडक्याने पुसून काढलं, फडकं दुमडून ठेवलं. हे सगळं यांना अजून कोणी झोपेतून उठवून करायला लावलं तरी येईल. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. त्या दिवशी मला वाटलंही, उगीच घाबरते मी.

शनिवारी नवे एंड बसवले, आणि दुपारी दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून चाकांचा रोख बघितला. सुतळी पुढच्या आणि मागच्या चाकाला कशी चाटून गेली पाहिजे ते डोळ्याने बघायचं असतं, आणि यांचे डोळे उत्तम आहेत. चारला हे हात धुऊन, कंगवा फिरवून पानठेल्यावर गेले. बिनटपाची झाली हे चार माणसांना सांगायचं होतं. बऱ्याच दिवसांनी सांगण्यासारखं काही होतं.

मी भांडी आवरायला बसले. घासलेट भरलेली स्टीलची वाटी उचलली, घासलेट ओतलं, आणि तळाशी काहीतरी वाजलं.

पिन होती. नवी, चकचकीत.

एंडच्या बोल्टला जे नट लागतं त्याच्या वर खाचा असतात आणि बोल्टला आरपार भोक असतं. खाच आणि भोक एका रेषेत आणायचं, त्यातून पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय मागे वाकवायचे. मग नट फिरत नाही. पिन नसली तर नट लगेच पडत नाही, हीच तर खोट आहे. राजुऱ्यापर्यंत काही होत नाही, गोंडपिपरीपर्यंत होत नाही. खड्डे लागले की नट आपलं एक-एक फेरा मागे येतं. आणि मग एका वळणावर माणूस स्टेअरिंग फिरवतो, ते हातात मोकळं फिरतं आणि चाक जिकडे जायचं तिकडे जातं.

सकाळी मी स्वतः पुडीतून दोन पिना काढून वाटीत टाकल्या होत्या. डाव्याची एक, उजव्याची एक.

पुडीत कदाचित जास्त असतील, मी एखादी जादा टाकली असेल. मी पुडी शोधली. कोऱ्या कागदाची पुडी, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. यांनी एका बाजूला जुनीच पिन लावली असेल का? छे. जुनी पिन परत लावणं म्हणजे उष्ट्या पत्रावळीवर पाहुणा जेवायला बसवणं, हे यांचंच वाक्य. जुन्या दोन्ही पिना फरशीवर पडलेल्याही दिसल्या, वाकड्या, काळ्या.

मी पिन पदराच्या टोकाला बांधली. मग सोडली. ओट्यावर ठेवली. ओट्यावरून उचलून देवाजवळ ठेवली, तिथे ती फारच दिसायला लागली म्हणून परत पदराला बांधली. तांदूळ दोनदा धुतले. शकुबाईकडे उगीच जाऊन विरजण मागितलं, आमच्या घरी विरजण असताना. ती म्हणाली, काय गं, जीव थाऱ्यावर नाई दिसत. मी म्हणाले, उन्हाचं.

जेवताना मी विषय काढला. म्हणजे काढला नाही, त्याच्या भोवताली फिरले. शेठ येण्याआधी सकाळी एकदा हलवून बघायचं का, असं म्हणाले.

"झालं ना आता," हे म्हणाले. "किती हलवतं वो? गाडी आहे का दयनं?"

दळणाचा विनोद यांचा जुनाच. मी हसले. हे वरणाची वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायले. एका हाताने धरली तर केव्हा सुटेल ते यांना कळत नाही, म्हणून दोन्ही हातांनी. जणू वरण दोन्ही हातांनीच प्यायचं असतं. मी पदराची गाठ मुठीत धरून बसले होते. आजपर्यंत मी आवाज आल्याचं सांगत होते, भास झाल्याचं सांगत होते. पिनेचा भास होत नाही. पिन दाखवायची म्हणजे त्या माणसाला सांगायचं की तुम्ही आज जे केलं ते केलेलंच नव्हतं. पंचवीस वर्षांत जिचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं नाही, ती गाडी याच माणसाच्या हातून अशी, पिनेविना, चालली होती. आणि हे समोर बसून सांगत होते की पानठेल्यावर सगळे म्हणाले, लटारूभाऊ, तुमच्यासारखं काम अंकुशची मशीनही करत नाही. ते सगळे अंकुशकडे जाणारेच लोक होते.

झोपेचं सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी उजाडता उजाडता हे न्हाणीत गेले. बादलीचा आवाज झाला आणि मी गोणपाट घेऊन बिनटपाचीच्या खाली शिरले. तीस वर्षांत पहिल्यांदा. ही गाडी बुटकी, जमिनीशी कुजबुजत चालणारी; छाती वर घासत होती. पिन मी ओठात धरली होती, अंबाडा घालताना आकडा धरतात तशी. आधी डावं बघितलं. पिन आरपार, पाय दोन्हीकडे सुरेख वाकवलेले. मग सरकत उजव्याकडे आले.

भोक रिकामं होतं.

नटाला नुसती दोन बोटं लावली तर ते फिरलं, म्हणजे पुरतं कसलेलंही नव्हतं. यांनी चाचपून पिन घातली असणार, ती भोकात न जाता वाटीत पडली असणार, आणि बोटांना वाटलं असणार, गेली. मग त्यांनी तिचे पाय वाकवले असणार. नसलेले पाय.

मला रडू आलं नाही. पिन ओठात होती.

मी पान्याला हात घालणार इतक्यात डोक्याशी पावलं वाजली. न्हाणीतलं पाणी केव्हा थांबलं ते मी ऐकलंच नव्हतं. पावलं माझ्या पायांपाशी आली आणि थांबली. माझं लुगडं पोटरीपर्यंत वर गेलेलं, पाय गाडीबाहेर. म्हणजे कोण आहे आणि काय करते आहे ते विचारायची गरज नव्हती. मी वाट बघत राहिले. ओरडतील, किंवा विचारतील. विचारलं असतं तर मी मांजर शिरलं होतं असं सांगणार होते, इतकी माझी जीभ सराईत झाली होती.

दार उघडलं. माझ्या तोंडावरचा पत्रा जरा दबला. हे वर बसले.

मग माझ्या डोळ्यांसमोर टायरॉड हलायला लागला. बारीक, इकडून तिकडे. हे डोलवत होते.

मी सांध्यावर बोटं ठेवली. डोळे मिटले. टिक. टिक. पहिल्यांदाच मला ते जिथे असतं तिथेच लागलं, दांड्यावरून चढून न येता.

पिन ओठातून काढून मी म्हणाले, "थांबा."

टायरॉड थांबला. मी नट कसलं, पान्याला दोन्ही हातांनी लोंबकळून. खाच भोकासमोर आली की नाही ते डोळा लावून बघितलं. पिन घातली, ती पलीकडे निघाली, तिला बोटाने चाचपलं. पकडीने पाय वाकवले. यांच्यासारखे सुरेख नाही वाकले.

"हलवा."

हलवलं. काही नाही. परत हलवलं. घट्ट, गुळगुळीत, जात्याच्या खुंट्यासारखं.

"थांबा."

मी अजून खालीच होते, तेवढ्यात गल्लीत गाडी येऊन थांबली. शेठचा आवाज आला, चंचलचा आला. मी बाहेर निघायला धडपडले. आत जाणं सोपं असतं, निघताना पदर अडकतो. शेठ जवळ आले होते. पांढरा सदरा, डोक्याला गमछा, जत्रेची तयारी.

"काय बे लटारू, आज तू वर?" ते म्हणाले. "अन् सुगंधाबाई खाली? प्रमोशन झालं वाटते तुहं."

हे हसले नाहीत. मी उठून हात मागे लपवले, पण चंचलने बघितले होते. काळे झाले होते कोपरापर्यंत. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग यांच्या हातांकडे, ते नुकतेच धुतलेले, साबणाचा वास येणारे. पोर हुशार. ती पटकन म्हणाली की आबा, आधी चहा घेऊ, मग निघू. मी म्हणाले हो, आधण ठेवलंच आहे. आधण ठेवलेलं नव्हतं.

शेठनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांनी तो असा ठेवला की जणू घोडा आहे आणि त्याला कळतंय. मग सरळ यांना विचारलं, काम पक्कं आहे ना, पोर आहे सोबत, बिनधास्त निघायचं ना.

मी म्हणाले, साखर किती घालू. चंचल म्हणाली, आबा, अक्काचा फोन येऊन गेला. शकुबाई कुंपणाजवळ सडा टाकत होती, ती म्हणाली, शेठजी, यंदा ऊन लवकर लागलं नाई का. आम्ही तिघी एकदमच बोललो आणि एकदमच गप्प झालो.

हे अजून सीटवर होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, आणि हे त्या हातांकडे बघत होते. कुणी दुसऱ्याच्या घरची वस्तू सांभाळायला दिली असावी आणि ती आता परत करायची असावी, तसे.

"शेठजी," हे म्हणाले, "दोन वर्स झाले, मले बोटाले काईच समजत नाई. काल उजवी पिनई नाई लागली माह्याच्यानं. दोन वर्सापासून माही बायकोच वर बसून मले सांगते अन् मी खालून हो मनतो. मले सगळं मालूम होतं. निघाचं का नाई ते मले नका इच्चारू. तिले इच्चारा."